आठवं मत

मतदान गुप्त असतं असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्यांना ते खरं वाटतं त्यांनी आमच्या वॉर्डात येऊन राहावं. गंगापूर रोडच्या इमारती संपल्या की मळे लागतात, तिथं आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या आमच्या वॉर्डात मतं दोन-सव्वादोनशे. कोणत्या घरात किती मतं, कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाचा मुलगा पुण्याहून आलाच नाही, हे सगळं तोंडपाठ असलेली माणसं मोजणीच्या टेबलापाशी उभी असतात. आकडा पुकारला की ती बोटांवर घरं मोजतात, आणि कुठं गळती झाली ते दुपारपर्यंत गावाला कळतं.

मी झेंडू आणि कोथिंबीर पिकवतो. माल नाशिकच्या बाजारात जातो, श्रावणात फुलं त्र्यंबकलाही जातात. अधूनमधून वहीत काहीबाही लिहितो, आणि बायको म्हणते त्यापेक्षा खुरपणी केलेली बरी. हे मात्र तिनंच लिहायला सांगितलं असतं, जर आमच्यात त्या विषयावर बोलणं राहिलं असतं तर.

गावात मुसलमानांचं एकच घर. त्या घरातल्या माणसाला आम्ही सगळे मिस्तरी म्हणतो. स्टॅंडवर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान, आधी त्याच्या बापाचं होतं. आमच्या शिवारात एकही विहीर अशी नसेल जिच्या मोटारीचं पोट त्यानं फाडलेलं नाही. जळालेली मोटार उघडायच्या आधी तो तिचा वास घ्यायचा आणि सांगायचा, ‘पाण्याबिगर चालवली ना? खोटं बोलू नका.’ गावच्या पाणीपुरवठ्याची मोटार जळली की सगळं गाव हंडे घेऊन त्याच्या दुकानाकडे बघत बसायचं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळावरची रोषणाई आणि माईक हेही त्याच्याच घराकडे, बापापासून. यात्रेत भंडारा उधळला की आमच्यासारखाच तोही पिवळा व्हायचा आणि तसाच शिडीवर चढून गेलेला बल्ब बदलायचा. यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, म्हणून तर आज सांगावंसं वाटतं.

त्याला निवडणुकीला उभं केलं ते मी. आमच्या आळीची पाइपलाइन फुटून आठ दिवस झाले होते आणि वॉर्डाचा मेंबर फोन उचलत नव्हता. मिस्तरी खड्ड्यात कमरेइतक्या चिखलात उभा होता आणि मी वरून पाना देत होतो. माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणालो, ‘मिस्तरी, हे नुसते मिरवायचे मेंबर काय कामाचे? तुम्हीच उभे राहा ह्या खेपेला.’

तो हसला. चार दिवसांनी मात्र आमच्या ओट्यावर येऊन बसला. बायकोनं चहा ठेवला. तो म्हणाला, ‘भाऊ, तुम्ही म्हनता तर फॉर्म भरतो. निवडून आलो तर आलो. पन मला येगळंच बघायचंय. पोरगं मागं लागलंय, हितलं घर विका, शहरात चला, आपल्या लोकांत राहू. मी त्याला म्हनतो, आपले लोक म्हंजे कोन रे? हेच की! त्यो म्हनतो, अब्बा, घरच्या सात मतांच्या वर एक बी पडनार नाय तुम्हाला. मंग म्हनलं, बघूनच घेऊ. पडली तर हितंच मरतो. नाय पडली तर जातो त्याच्यासंगं.’

‘आमची दोन्ही मतं तुमची,’ मी म्हणालो. ‘आणि आळीचं माझ्याकडे लागलं.’ बायकोनं त्याच्या हातात कप दिला आणि म्हणाली, ‘दोन्ही म्हंजे दोन्ही, मिस्तरी.’

मिस्तरीला नळ ही निशाणी मिळाली तेव्हा आळी खूश झाली. चिखलातल्या माणसाला नळ, याहून चांगलं काय असणार! समोर उभा होता तो प्लॉट पाडून विकणारा गावातलाच एक जण. त्याला कपाट मिळालं. त्यानं ओढ्यावर भराव टाकून दोन घरांत पाणी शिरवलं होतं, आणि त्याचं नाव निघालं की म्हातारी माणसंही शिवी देत. तो प्रचाराला आला की लोक गोठ्यात काहीतरी काम काढायचे.

मग एक दिवस मोबाइलवरच्या गावाच्या ग्रुपवर एक फोटो आला. ईदच्या दिवसाचा, मिस्तरी पांढरा सदरा आणि टोपी घालून भावाला मिठी मारतोय. खाली दोनच शब्द: ‘विचार करा.’

एवढंच. शिवी नाही, खोटं काही नाही. आणि गावानं विचार करायला सुरुवात केली.

सोसायटीच्या पायरीवर एक जण मला म्हणाला, ‘मानूस सोन्यासारखा हाय, त्यात वाद नाय. पन आपलं गाव, आपला देव. आज मेंबर झाला, उद्या...’

‘उद्या काय?’ मी विचारलं.

‘उद्या म्हंजे... तुम्हाला कळतंय की.’

मला खरोखरच कळत नव्हतं. मी तिथं तावातावानं भांडलो, कुणाच्या विहिरीत कोण उतरलं होतं त्याची यादी ऐकवली. माणसं खाली बघून ऐकत राहिली. राग खरा होता. पण घरी येऊन मी तो फोटो पुन्हा उघडला आणि जरा मोठा करून पाहिला, हेही खरं. इतकी वर्षं पाहिलेल्या चेहऱ्यात मी काय शोधत होतो, देव जाणे.

मतदानाच्या आधीच्या रविवारी सकाळी खंडोबाच्या देवळात बैठक बोलावली. घरटी एक पुरुष. आमच्याकडे शब्द पक्का करायचा असला की बेल-भंडारा उचलतात. देवापुढे ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवतात, आणि त्यावर हात ठेवून जे बोललं ते मोडलं तर घराचं वाटोळं होतं अशी समजूत. पूर्वी हे जमिनीच्या बांधासाठी, सोयरिकीसाठी व्हायचं. त्या दिवशी आळीतला सगळ्यात जुना माणूस ताट घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘मिस्तरीशी आपलं वैर नाय. त्याचं नाव बी घ्यायचं नाय. फक्त म्हना, घरातली सगळी मतं आपल्या मान्साला.’

आपला माणूस! आठवड्यापूर्वीपर्यंत त्याला सगळे चोर म्हणत होते.

ताट रांगेतून सरकत येत होतं. मी दाराजवळ बसलो होतो. उठून चपला घालून निघून जाता आलं असतं, कुणी हात धरला नसता. पण माझा माल बाजाराला नेणारी पिकअप शेजारच्या माणसाची होती आणि तो माझ्या पुढे बसला होता. पाटाचं पाणी चुलत्याच्या वावरातून येतं, आणि तो मागे. देवाची भीती मला फारशी नव्हती. ह्या दोघांच्या मधे बसून एकट्यानं उठायची होती. ताट पुढे आलं, मी हात ठेवला आणि बोललो. वर जी ट्यूबलाइट होती ती मिस्तरीनं लावलेली होती, ते मला घरी आल्यावर आठवलं.

बायको अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. मी सांगितलं, भंडारा उचलून आलोय, आता घरातली दोन्ही मतं कपाटाला.

‘आन् मिस्तरीला दिलेला शब्द?’

‘देवापुढं हात ठेवून आलोय. आता तो विषय नको.’

तिनं जुडीला गाठ मारली, जास्तीचा दोरा दातानं तोडला आणि पुढची जुडी घेतली. मला वाटलं, विषय संपला.

मतदानाच्या दिवशी मिस्तरी शाळेपासून लांब, चुन्यानं आखलेल्या रेघेच्या पलीकडे हात जोडून उभा होता. मला बघून त्यानं हात जोडले नाहीत, नुसता हसला. माझ्यापुढे हात जोडायची गरज नाही असं त्याला वाटत होतं. मी आत गेलो. आमच्या वॉर्डात तीन जागा, म्हणून तीनदा बटण दाबायचं. माझं बोट अडखळलं, छाती धडधडली, असलं काही झालं नाही. कोथिंबिरीतलं पिवळं पान काढून टाकावं तसं सहज मी कपाटाचं बटण दाबलं. बाहेर आलो आणि त्याला बोटावरची शाई दाखवली. ती का दाखवली, याची मला अजून लाज वाटते.

मोजणीला मी गेलो होतो. आमच्या वॉर्डाचं मशीन लागलं आणि आतल्या माणसानं पुकारलं, ‘नळ, आठ.’

कुणीतरी फस्सकन हसलं. मिस्तरी दोन्ही हातांनी लोखंडी जाळी धरून उभा होता. मी दुसरीकडे बघितलं. कपाटवाल्यांनी गुलाल काढला, पण जुन्या माणसाची बोटं चालू होती. मिस्तरीच्या घरची सात. मग हे आठवं कुणाचं? कुणी भंडारा मोडला?

संशय अर्थातच माझ्यावर आला. पिकअपवाला शेजारी तोंडावर म्हणाला, ‘तुमचंच उठणं-बसणं त्याच्याकडं.’ मी चिडून मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची भाषा केली. मी खरं बोलत होतो, त्यामुळे आवाजही चांगला चढला. त्यांना पटलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मिस्तरी माझी मोटार घेऊन आला. वाइंडिंगला दिली होती आणि निवडणुकीच्या गडबडीत राहिली होती. त्यानं ती विहिरीवर बसवली, चालू करून पाणी पाहिलं, पाटात हात धुतले आणि ओट्यावर येऊन बसला. डोळे लाल होते.

‘आळीनं लय शब्द दिले होते,’ तो म्हणाला. ‘ते जाऊ द्या. पन पोरगं हरलं, भाऊ. त्यो म्हनत होता, सातच्या वर एक बी नाय. एक पडलं! मला म्हाईत हाय ते कुनाचं. म्या त्याला सांगितलं, जवर त्यो मानूस हाय तवर मी हे गाव सोडत नाय.’ आणि त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

मी म्हणायला हवं होतं, ते माझं नाही. तीन शब्द. मी त्याचे हात बघत राहिलो, नखांत वॉर्निश अडकलेले, आणि म्हणालो, ‘अहो, त्यात काय एवढं.’ बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप खाली ठेवले आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही झेंडू तोडत होतो. गप्प बसवेना म्हणून मी म्हणालो, ‘कुणाचं तरी चुकून बटण दाबलं गेलं असणार.’

‘चुकून नाय,’ ती म्हणाली. ‘माझं हाय ते.’

मी टोपली खाली ठेवली. पहिल्यांदा मनात काय आलं असेल? अभिमान नाही, लाजही नाही. मी खेकसलो, ‘अगं, घरावर भंडारा उचललाय मी! पोरांना काही झालं म्हणजे?’

‘मिस्तरीला शब्द दिला तवा चहा म्या ठेवला होता. भंडारा उचलला तवा मी देवळात नव्हते. तिथं बायांना कुनी इचारलंच नाय.’ तिचे हात थांबले नव्हते. ‘खंडोबाला मी सांगून आले. काय व्हायचं ते मला होऊ दे म्हनलं.’

‘मग काल सांगायचंस ना मिस्तरीला, तुझं होतं ते.’

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ‘माझं म्हनलं तर त्यो इचारील, मंग तुमचं कुठं गेलं?’

पुढची पाच वर्षं मी गावातला सगळ्यात सच्चा माणूस म्हणून जगलो, निदान एका घरापुरता. ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा आमच्याकडे यायचा. त्याच्या घरी पाहुणे आले की तो त्यांना मुद्दाम आमच्या ओट्यावर आणायचा आणि म्हणायचा, ‘हेच ते.’ म्हातारी माणसं उठून माझा हात कपाळाला लावायची. इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता आणि सगळाच्या सगळा चोरीचा. बायको प्रत्येक वेळी चहा आणून ठेवायची. कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. आमच्यात बोलणं कमी होत गेलं ते तेव्हापासून. मिस्तरीनं दुकानामागे दोन खोल्या वाढवल्या. वरचे पत्रे चढवायला मी गेलो होतो.

मग पुन्हा निवडणूक आली आणि एका सकाळी तो हसत हसत येऊन सांगायला लागला की पुन्हा फॉर्म भरलाय. मी परोपरीनं सांगितलं, कशाला तो ताप, वय झालं, पाइपलाइनही आता बरी आहे. तो ऐकेना. ‘गेल्या खेपेला तुम्ही एकले व्हता. एकाचे दहा झाले तरी पोराला दाखवतो. आन् नाय झाले तर तुम्ही हायच की.’

निशाण्या वाटल्या तेव्हा नळ पुन्हा त्यालाच मिळाला आणि कपाट पुन्हा त्या प्लॉटवाल्याला. त्याच आठवड्यात देवळाच्या माईकवरून पुकारा झाला. रविवारी सकाळी बैठक, आणि ह्या वेळी घरातल्या बायांनीही यायचं. कारण जुन्या माणसानं पाच वर्षं डोकं चालवून शोधून काढलं होतं: पुरुष म्हणतात आम्ही भंडारा मोडला नाही, तर गळती बायांतूनच झाली असणार. माईक नीट वाजत होता. आठ दिवसांपूर्वीच मिस्तरीनं त्याची वायर बदलली होती.

रविवारी बायकोनं धुवट पातळ नेसलं, कुंकू लावलं. मला म्हणाली, ‘ह्या टायमाला मलाबी उचलावा लागनार. म्या उचलला तर मी मोडनार नाय. माझ्याच्यानं ते व्हायचं नाय. तवा ह्या खेपेला मत तुमचं.’

‘मलाही उचलावाच लागणार,’ मी म्हणालो.

‘उचला. पन तुम्हाला शब्द मोडता येतो. ते बघितलंय म्या.’

देवळात ताट आधी बायांकडे गेलं. तिनं हात ठेवला, स्पष्ट आवाजात बोलली, आणि पदरानं हळद पुसली नाही. मग आमच्या रांगेत मीही हात ठेवला.

मतदानाला गेलो तेव्हा मिस्तरी तिथंच उभा होता, चुन्याच्या रेघेपलीकडे. आत मशीनसमोर मी बराच वेळ उभा राहिलो असणार, कारण टेबलामागची बाई म्हणाली, ‘काका, दाबा ना, रांग आहे.’ नळाचं चित्र माझ्या नखाइतकं होतं. इथं कुणी बघत नव्हतं. शेजारी नव्हता, चुलता नव्हता, ताट नव्हतं. पण डोक्यात तेच चालू होतं: आठ आले तर ह्या वेळी नक्की आपलं घर धरतील. मी कपाट दाबलं.

मिस्तरीची आई मधल्या काळात वारली होती आणि पुतणी अठराची झाली होती, म्हणून घरची मतं सातच. पुकारा झाला, ‘नळ, सात.’ ह्या वेळी कुणी हसलं नाही. जुन्या माणसानं बोटं मिटली आणि मान डोलावली. मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन आठवड्यांनी त्याच्या दारात टेम्पो लागला. कपाटं, गाद्या, वाइंडिंगचं मशीन, सगळं चढलं. मुलगा पुढे बसला होता. मिस्तरी चालत आमच्या ओट्यापर्यंत आला, बसला मात्र नाही. मला वाटलं, आता विचारेल. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती, तब्येत, दबाव, मुलांची शपथ.

त्यानं विचारलंच नाही. म्हणाला, ‘भाऊ, ह्या टायमाला तुमचा इलाज चालला नसंल, मी समजतो. पन त्या वक्ताला तुम्ही एकल्यानं दिलं होतं. त्याच्यावर पाच वर्सं काढली म्या. लय झालं.’

बायको दारात आली. ‘चहा ठेवते, मिस्तरी.’

‘नको वहिनी. टेम्पो हुबा हाय.’

तो गेला. ती चौकटीला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. अजूनही वेळ होता. टेम्पो स्टॅंडवर वळेपर्यंत हाक पोहोचली असती. मी हाक मारली नाही, आणि तीही माझ्यासाठी गप्प राहिली.

मिस्तरी मराठी वाचतो. दुकानात रोजचं वर्तमानपत्र तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा. हे कुठं छापून आलं आणि त्याच्या हाती पडलं तर त्याला एवढंच सांगायचंय: मिस्तरी, ते आठवं मत माझं नव्हतं. ते तुमच्या वहिनीचं होतं.